पाटे ओरिजिनलच हवेत!

२०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि उरलेल्या पद्मिन्यांच्या मालकांच्या प्रेमाला भरतं आलं. या मंडळींना इंजिन डिझेलचं चालतं, टेप तर जपानीच लागतो. मागच्या स्प्रिंगचे पाटे मात्र गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा होते तेच हवेत. मग चोरबाजार पालथा घालायचा. दुकानदार गंजका जुडगा पुढ्यात आपटतो. ओरिजिनल कशावरून? ‘‘गंज बघा की साहेब!’’

जुडगा मिस्त्रीकडे येतो. पानं सुटी होतात, वायर ब्रशने घासली जातात, बसलेली कमान हातोड्याने पुन्हा काढली जाते. बुश नवे, सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट नवे. घासल्यावर मेन पाट्याला चीर दिसते, म्हणून तोही नवा. बाकी ओरिजिनल! (खरे ओरिजिनल पाटे बहुधा लोहाराकडे जाऊन कोयते झाले असावेत. पोलाद उत्तम असतं.)

एवढं होऊन गाडी डावीकडे झुकतेच. मालक अभिमानाने सांगतात, ‘‘पहिल्यापासून अशीच आहे.’’