मदनाच्या गावातली मुसळी

पांढरी मुसळी मागताना पुरुषाचा आवाज आपोआप उतरतो. वाशीमच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानाशी घटकाभर उभं राहून पाहावं. गोखरू, हिरडा, बेहडा लोक खणखणीत मागतात. मुसळीची पाळी आली की आधी मागे वळून बघतात, मग "थे... ताकदीचं" असं पुटपुटतात. दुकानदार मात्र साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारतो, "पांढरी पायजे का कायी, भाऊ?" शेजारी उभ्या आजीला असली अडचण नसते. सून बाळंत झालेली, तिला दूध उतरावं म्हणून दुधातून द्यायला हीच मुसळी हवी. ती भाव करून घेते.

आणि हे वाशीम म्हणजे गाव कोणतं, तर वाकाटक राजांचं जुनं वत्सगुल्म! संस्कृत कवी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त याच नगराला मदनाचं क्रीडास्थान म्हटलंय, काव्यपुरुषाचं लग्नही साहित्यविद्येशी इथेच लावलंय. हजारेक वर्षांत माणसं फारच सभ्य झाली म्हणायची.

तसं हे झाडही फारसं चारचौघांत वावरणारं नाही. वाशीमजवळ काटेपूर्णा नदीकडे सागाची रानं आहेत. असल्या रानांत पहिल्या पावसाबरोबर लांबट पानांचा झुबका वर येतो, पांढरी चांदणीफुलं लागतात आणि हिवाळ्याआधी पानं पिवळी पडून सगळा कारभार जमिनीखाली जातो. तिथे मांसल मुळांचा घोस पुढच्या मृगाची वाट बघत पडून राहतो. मुळं सोलून वाळवली की पांढरीशुभ्र होतात. काळी मुसळीही अशीच सावलीतली, पण तिचं कूळ वेगळं आणि फूल पिवळं. आयुर्वेद दोघींनाही वाजीकरणात, म्हणजे कामशक्तीच्या औषधांत, बसवतो.

तरी खरी गंमत बारशाची. पांढऱ्या मुसळीचं क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम हे शास्त्रीय नाव, मुंबईच्या बोरिवलीवरून. ते ठेवणाऱ्या दोघांपैकी एक फादर सान्तापाव, झेवियर्स कॉलेजातले जेझुइट धर्मगुरू. वाजीकरणाच्या वनस्पतीला नाव द्यायला आजन्म ब्रह्मचारीच भेटावा!

रानातली मुसळी आता विरळ झाली. बी फारसं रुजत नाही आणि खणणारा मुळासकट नेतो. तिचीच आफ्रिकेतली चुलत बहीण, स्पायडर प्लांट, फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीतून लोंबकळत असते. तिच्याकडे कुणी ताकद मागत नाही, त्यामुळे ती बारा महिने हिरवीगार.