मिनिटराव

मिनिटराव तुम्हाला ठाऊक आहेत. लिफ्टमध्ये भेटतात, काखेत ऑनलाइन मागवलेला खोका असतो, आणि कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकतात, “रोजची अकरा मिनिटं वाचणार!” कशी, ते विचारू नये. विचारलं की आपला मजला निघून जातो.

त्यांचं घर काटई नाक्याच्या अलीकडे, नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत आणि मधे शीळफाटा. कल्याणची, मुंब्र्याची, पनवेलची आणि महाप्याची वाहनं जिथे एकमेकांना रोज भेटतात, तो. न्हावा-शेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनरही इथूनच मुंब्रा बायपासला लागतात. कंपनीची बस फाट्यावर थांबली की मिनिटराव फोन काढतात आणि स्वयंपाकघरात वेळ वाचवणारं एखादं यंत्र मागवतात. ते यंत्र भिवंडीच्या गोदामातून ज्या टेम्पोत चढतं, तो टेम्पो दोन दिवसांनी बहुधा त्यांच्याच बसपुढे आडवा उभा असतो. पण फाट्यावर गेलेली मिनिटं ते धरत नाहीत. ती रस्त्याची. वहीत फक्त ओट्याची.

वही खरोखरच आहे. चार रकाने : यंत्राचे नाव, किंमत, वाचलेली मिनिटे, वॉरंटी.

एअर फ्रायर आला तेव्हा त्यांनी आधी व्याख्यान दिलं. फिलिप्सनं हे यंत्र २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणलं. आत वरच्या बाजूला तापणारी कॉइल आणि पंखा. गरम हवा टोपलीभोवती जोरात फिरते आणि चमचाभर तेलात कोथिंबीर वडी खरपूस होते. सगळं खरं. फक्त यंत्र १५०० वॅटचं, आणि ओट्याजवळचे सगळे पॉइंट सहा अँपियरचे. २३० गुणिले ६ म्हणजे १३८०, हे गणित मिनिटरावांना तोंडपाठ होतं, पण जाड पिनांचा प्लग हातात येईपर्यंत ते आठवलं नाही. सोळा अँपियरचा मोकळा होण्यासारखा एकच पॉइंट निघाला, वॉशिंग मशीनचा. मग मशीनच्या डोक्यावर एअर फ्रायर बसला, आणि वड्यांना रंग येईपर्यंत दिवाणखान्याचे पडदे साबणाच्या पाण्यात भिजत पडले. वहीत नोंद झाली : १२ मिनिटे. पडद्यांना वहीत रकाना नाही.

इंडक्शन शेगडीच्या वेळी त्यांनी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढून घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहिला. शेगडी चुंबकीय क्षेत्रावर चालते; ज्या बुडाला चुंबक चिकटत नाही, ते तापत नाही. अॅल्युमिनियमची कढई नापास, आईचं तांब्याचं पातेलं नापास. इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी साडूकडे जेवायला गेल्यावर त्यांनी तोच मॅग्नेट खिशातून काढला आणि वाढलेली भाजी सगळ्यांसमोर उचलून पातेल्याचं बूड तपासलं. “तुमच्याकडे रोजची सात मिनिटं वाया जातात,” एवढं बोलून जेवायला बसले. साडूनं त्यानंतर बाहेरून जेवण मागवायला सुरुवात केली. कागदी डब्यांना मॅग्नेट लागत नाही.

दोरी ओढायचा चॉपर हा मात्र त्यांचा जीव की प्राण. तीन कांदे, दहा हिसके, काम खलास. चार मिनिटं वाचली. मग पात्यांच्या बुडाशी अडकलेली कांद्याची सालपटं टूथब्रशनं काढत वहिनी सहा मिनिटं सिंकपाशी उभ्या राहतात. ही सहा मिनिटं वहीत नाहीत, कारण ती यंत्र थांबल्यानंतरची. नियम म्हणजे नियम.

अशा माणसांना हसणं सोपं आहे, पण पाटा-वरवंटा सुटला तो असल्याच एका नवऱ्यामुळे. सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकला नाही, म्हणून माथुरांनी दणकट मोटरचा मिक्सर बनवला. १९६३चा ‘सुमीत’ तो हाच. दुसरी बाजू अमेरिकेच्या रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात मांडली. घरात यंत्रं आली, तसे पुरुष आणि मुलं हळूहळू कामातून सुटली, बाई मात्र यंत्रापाशीच राहिली. आपल्याकडचे आकडेही मिनिटांतच आहेत, त्यामुळे मिनिटरावांना ते आवडावेत. सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका २०१९ साली दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ साली बायकांची २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून मिनिटरावांनी कॉलर ताठ केली. वहिनींनी खालची ओळ वाचून दाखवली : पुरुषांची ८८. “ही नऊ कुठल्या यंत्रानं वाचवली?” त्यावर मिनिटराव चार्जर शोधायला आत गेले.

तरी गणपतीच्या आदल्या रात्री शेजारच्यांचा मिक्सर भर वाटणात बंद पडला, तेव्हा सगळ्यांनी त्यांचंच दार वाजवलं. त्यांनी भांडं उतरवलं, मिक्सर उलटा केला, मोटर गार होऊ दिली आणि बुडाचं लाल बटण दाबलं. ओव्हरलोड झाला की ते आपसूक बाहेर येतं. अर्ध्या मजल्याला हे माहीत नव्हतं आणि एकानं नवा मिक्सर बघायला सुरुवातही केली होती. किती मिनिटं वाचली, हे त्या रात्री त्यांनी सांगितलं नाही.

आणि वहीचं पहिलं पान. वहिनी ठाण्याला बँकेत. डोंबिवलीहून सकाळची लोकल धरायची म्हणून गजर पावणेपाचचा. पहिल्या पानावर मिनिटरावांच्या टपोऱ्या अक्षरात मथळा आहे : ‘हिची झोप’. खाली उद्दिष्ट, पावणेपाचचे साडेपाच करणे. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं हवी होती. वहीतली बेरीज सत्तरच्या पुढे गेलीय. गजर पावणेपाचलाच वाजतो.

गेल्या महिन्यात डिशवॉशर मागवला. हातानं घासण्यापेक्षा याला पाणी कमी लागतं, टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत ही साधी गोष्ट नव्हे. मिनिटरावांनी पॉइंट आधीच बदलून घेतला होता, इतपत शहाणपण आलं होतं. यंत्र ज्या संध्याकाळी यायचं त्याच दिवशी घरकामाच्या मावशी गावाला गेलेल्या, सिंक नळापर्यंत भरलेलं, आणि ड्रायव्हरचा फोन आला, “साहेब, फाट्यावर आहे.” आठ वाजता फाट्यावर, नऊ वाजताही फाट्यावरच. अखेर मिनिटरावांनी बाह्या सरसावल्या आणि कुकरच्या शिट्टीपासून दोरीच्या चॉपरपर्यंत सगळं घासलं. चॉपरला बराच वेळ लागला. वहिनी बाहेर सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

रात्री त्यांनी नोंद करायला वही उघडली, तर नोंद झालेली होती. अक्षर वहिनींचं.

यंत्राचे नाव : हे. किंमत : फुकट. वाचलेली मिनिटे : ४०. वॉरंटी : संपली.

मिनिटरावांचा आक्षेप फक्त शेवटच्या रकान्याला आहे.