इतिहासाच्या नावाने हात वर

‘ओतोमे’ हा मोबाइलवर किंवा गेमच्या यंत्रावर वाचायच्या प्रेमकथांचा जपानी प्रकार. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, आणि मध्येच कथा थांबून तुम्हाला विचारते: त्याला उत्तर द्यायचं, गप्प राहायचं की उठून जायचं? निवडाल तशी गोष्ट पुढे सरकते. नायिका तुम्हीच. समोर पाच-सहा पुरुष, प्रत्येकाची वाट वेगळी, शेवटही वेगळा. १९९४ साली कोएई कंपनीतल्या बायकांच्या गटाने ‘अँजेलिक’ काढला आणि हा प्रकार सुरू झाला. मुलींच्या मनातलं प्रेम मुलींच्या नजरेतून मांडणारं माध्यम म्हणून मी त्याची बाजू नेहमीच घेते. म्हणूनच त्याच्याशी भांडायचा हक्कही मला आहे.

भांडण ऐतिहासिक ओतोमेशी आहे.

‘हाकुओकी’ घ्या. २००८ चा खेळ, या प्रकारातल्या सर्वांत गाजलेल्यांपैकी एक. काळ १८६० नंतरचा, जागा क्योतो शहर. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, बाजूने लढणारी शिनसेनगुमी नावाची तलवारबाजांची तुकडी. हरवलेल्या वडिलांच्या शोधात चिझुरू ही मुलगी मुलाच्या वेशात तिथे पोहोचते आणि या पुरुषांच्या छावणीत राहू लागते. हिजिकाता, ओकिता, साइतो ही खरी माणसं, जपानच्या इतिहासात नोंदलेली. त्यांतल्या कुणाच्याही प्रेमात पडायची वाट वाचणारीला मोकळी आहे. एकमेकांच्या प्रेमात पडायची वाट त्या पुरुषांना नाही.

का नाही, असं विचारलं की उत्तर तयार असतं: इतिहास आहे, त्या काळी असलं काही नसायचं.

याच शिनसेनगुमीचा प्रमुख कोंदो इसामी. त्याचं १८६४ सालचं एक पत्र उपलब्ध आहे, आणि तुकडीत पुरुषांपुरुषांतल्या प्रेमसंबंधांची लाट आली आहे, असं तो त्यात स्वतः लिहितो. खेळातली चिझुरू छावणीत येते त्याच सुमाराचं हे पत्र. त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी, १६८७ मध्ये, इहारा साइकाकूने सामुराई आणि नाटकवाल्यांमधल्या अशाच प्रेमाच्या गोष्टींचा अख्खा संग्रह छापला होता. नागिसा ओशिमाने १९९९ साली याच तुकडीवर ‘गोहात्तो’ हा चित्रपट काढला, त्याचा विषयही हाच. म्हणजे कागद आहे, पुस्तक आहे, सिनेमा आहे. आणि ‘हाकुओकी’त काय आहे? एक औषध पिऊन रक्ताला चटावलेले राक्षस होणारे सैनिक. त्यांना ‘रासेत्सु’ म्हणतात. इतिहासात न घडलेले रक्तपिपासू राक्षस लेखकांना चालले. प्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं प्रेम तेवढं चाललं नाही. इतिहासाशी इमान राखायचं म्हणून हे वगळलं, हे मला कुणी सांगू नये.

या कथांतलं मुलाच्या वेशातल्या मुलीचं वळण तर ठरलेलंच. नायक तिच्याकडे ओढला जातो. आपण एका मुलावर प्रेम करतोय या विचाराने त्याची झोप उडते, तो तिला टाळतो, स्वतःवरच चिडतो. मग कधीतरी तिचे केस सुटतात, ती मुलगी निघते, आणि तो सुटकेचा निःश्वास टाकतो. वाचकांनीही टाकावा अशी अपेक्षा असते. माझा सगळा राग त्या निःश्वासावर आहे. त्याआधीची दहा प्रकरणं त्या माणसाने एका मुलावर प्रेम केलेलं असतं. ते प्रेम खरं होतं, म्हणूनच वाचणारीचा जीव त्यात गुंतला. एका वाक्यात ते पुसून टाकायचं, जणू आजार होता आणि बरा झाला? आणि नायिकेची जिवाभावाची सखी, रात्र-रात्र तिच्या उशाशी बसलेली, तिच्यासाठी जीव धोक्यात घालणारी, तिच्या वाट्याला बहुतेक वेळा येतो तो ‘मैत्रीचा शेवट’. पुरुषांना चुंबन, सखीला चहाचा पेला.

जपान्यांना बोल लावून आपण मोकळं व्हायचं कारण नाही. आपल्या घरातलं पाहा.

८ जुलै १९२१. मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. श्रीमंतीचा ताठा असलेली भामिनी आणि गरीब शूर सैनिक धैर्यधर यांची ही प्रेमकथा दोन पुरुषांनी रंगवली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. शंभर वर्षं झाली, त्या प्रयोगाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. बालगंधर्वांची साडी, त्यांची चाल, त्यांचे दागिने घराघरांतल्या बायकांनी उचलले. या दोन कलावंतांच्या खासगी आयुष्याबद्दल मी काहीही म्हणत नाही, म्हणायचा अधिकारही नाही. मी म्हणते ते प्रेक्षकांबद्दल. बाईपण पुरुषाच्या देहात दिसू शकतं, दोन पुरुषांमधला शृंगार बघताना डोळे भरून येऊ शकतात, हे ज्या समाजाने राजरोस अनुभवलं, त्याने ‘आमच्यात असलं नव्हतं’ म्हणू नये.

मग १९८१. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, कॉलेजातली मुलं. सुमित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नामा या मुलीच्या प्रेमात पडते. रोहिणी हट्टंगडींनी ही सुमित्रा उभी केली. मराठी रंगभूमीवर एवढ्या स्पष्टपणे हे पहिल्यांदा आलं, आणि त्या धैर्याबद्दल तेंडुलकरांचा मान कायम राहील. पण शेवटी सुमित्रा आत्महत्या करते. तो शेवट त्या नाटकापुरता खरा असेल. पुढे तो वळणच होऊन बसला हे दुःख. समलिंगी माणूस कथेत आला की वाचक मनात त्याच्या मरणाची वाट पाहू लागतो. मेला नाही तर निघून जातो. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत (२००६) मात्र एकाच पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात. आधी भाऊ तनयची बाजू, मग बहीण अनुजाची, एकाच माणसापर्यंत जाणाऱ्या दोन वाटा. ओतोमेची रचना मराठीत इतकी सुंदर कुणी वापरली असेल तर ती इथे, तीही त्या खेळाशी काही संबंध नसताना. त्यातला भाऊ जिवंत राहतो, आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एवढं बोलल्यावर कुणी विचारेल, मग तुझा ऐतिहासिक खेळ कुठे घडेल? माझं उत्तर: पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात.

लगेच डोळ्यांपुढे येतो जव्हारचा जय विलास राजवाडा. महादेव कोळी समाजाच्या मुकण्यांचं संस्थान. बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागून, त्या कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून डोंगरच्या डोंगर वेढणाऱ्या जयबाची दंतकथा. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाची मान्यता, १६६४ च्या सुरत स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा शिरपामाळावरचा मुक्काम, १९४८ चं विलीनीकरण. साहित्य भरपूर आहे. पण खेळ लिहिणाऱ्याने राजवाड्यातच मुक्काम ठोकला तर पुन्हा तेच होईल: एक राजपुत्र, एक सरदार, एक इंग्रज अधिकारी, आणि जिने उंबरा ओलांडायचा की नाही एवढंच ठरवायचं अशी नायिका. पाड्यावर या.

होळीनंतर मोखाड्यात बोहाडा होतो. रात्रभर, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर मुखवट्यांची सोंगं नाचतात. देव, दैत्य, आणि शेवटी महिषासुराला मारणारी जगदंबा. देवींची सोंगंही परंपरेने पुरुषच घेतात, आणि देवीचं सोंग पुढे आलं की गाव हात जोडतो. मुखवट्याखालचा माणूस ओळखीचा असतो, शेजारचा असतो, तरीही जोडतो. आता कल्पना करा: इतिहासातला एखादा तरुण, देवीचा मुखवटा उतरवल्यावरही ज्याला आपण अजून तीच आहोत असं वाटतं, आणि संबळ वाजवणाऱ्या दुसऱ्या तरुणाला ते कळतं. यासाठी राक्षसाचं औषध लागत नाही. फक्त लिहिणाऱ्याने मान वळवायची नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. या भागात कितीतरी आदिवासी जोडपी लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून विधीशिवाय एकत्र राहतात. संसार होतो, मुलं होतात, आणि पैसे जमले की मग लग्न, कधी स्वतःच्या मुलांच्या लग्नाच्याच मांडवात. सामुदायिक विवाहांच्या सोहळ्यांत अशी जोडपी बोहल्यावर उभी राहिलेली जिल्ह्याने पुष्कळदा पाहिली आहेत. आणि वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न होत नाही. सवाष्णी भिंतीवर लग्नचौक लिहितात, मध्ये पालघट देवी.

यावरून वारली समाजात समलिंगी प्रेमाला मान्यता होती, असा दावा मी करणार नाही. तसा दावा शहरातले लोक फार हौसेने करतात, आदिवासींच्या तोंडी आपल्याला हवं ते घालतात, आणि ते खोटं आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रेम आधी, संसार आधी आणि विधी मागून, हे जिथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं, लग्न लावायचा अधिकार जिथे बाईच्या गळ्यात आहे, तिथे प्रेमकथा लिहिणाऱ्याला एकच एक साच्याचं लग्न खरं मानायचं कारण उरत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या दोन बायका एका झोपडीत राहतात, एकीचा ताप दुसरी उतरवते, पावसाआधी परत येऊन एकाच शेताचा राब भाजतात. गेल्या शंभर वर्षांत अशा दोघी झाल्याच नसतील? झाल्या असतीलच. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही, कारण त्यांच्या दारात दौत घेऊन कुणी बसलंच नाही.

आणि नोंद नसण्याची किंमत असते, हेही याच डोंगरांतली माणसं जाणतात. विधी झाला नाही, कागद नाही, तर रेशनकार्डापासून वारसापर्यंत कुठेही अडतं. समलिंगी जोडप्यांचंही आज बरंचसं तसंच आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडे सोपवला. एकत्र राहा, पण दवाखान्याच्या अर्जावर नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते विचारू नका, अशी आजची स्थिती. ज्यांना कायद्याने अर्धाच शेवट दिला, त्यांना कथेनेही अर्धाच द्यायचा?

लेखनातली माझी मागणी अवघड नाही. सखीला वाट द्या, पूर्ण वाट, राजपुत्राएवढ्याच प्रकरणांची. मुलाच्या वेशातल्या मुलीवर जडलेलं प्रेम वेश उतरल्यावर बरं झाल्यासारखं दाखवू नका. प्रेमात पडलेल्या दोघांना काम द्या: नाचणी दळायची, पाणी आणायचं, मुखवटा रंगवायचा. हातातलं काम वाटून घेताना जी जवळीक येते ती चांदण्यातल्या संवादांनी येत नाही. मुंबईला पाणी पाजणाऱ्या वैतरणेच्या काठावर हंड्यासाठी मैलभर चालणाऱ्या दोन मुलींना एकमेकींशी बोलायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा कुठल्याही राजवाड्यात मिळत नाही.

आणि त्यांना मारू नका. दुःख असू द्या, भांडण असू द्या, ताटातूट असू द्या, एखादा वाईट शेवटही असू द्या, ओतोमेत तो असतोच. पण निवड बरोबर केली तर पोहोचता येईल असा एक चांगला शेवट त्यांच्याही नावावर हवा.

रेनपाय हे असे खेळ बनवायचं साधन २००४ पासून मोफत मिळतं. मुंबई-पुण्याच्या कंपनीची वाट पाहायची गरज नाही. जव्हार, मोखाडा, खोडाळा, विक्रमगडच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरापोरींनो, चित्र तुमच्या घरात आहे, सोंगं तुमच्या गावात आहेत, बोली तुमच्या तोंडात आहे. आजीला विचारा तिच्या मैत्रिणीबद्दल, लिहून काढा, आणि तुमच्या गोष्टीतल्या दोघींना एकाच घरात म्हाताऱ्या होऊ द्या.