सेनापती कसा घालवावा: नवशिक्या धन्यांसाठी

हाताखाली एखादा फारच कर्तबगार माणूस आला की नव्या धन्याची झोप उडते. मग तो धनी पलटणीचा साहेब असो, साखर कारखान्याचा चेअरमन असो की शिक्षणसंस्थेचा सचिव. अशी माणसं आपोआप कंटाळून जातात असा एक गोड समज आहे. तो खोटा आहे. कामाच्या माणसाला कामाचा लळा असतो, तो सहजासहजी हलत नाही. त्याला घालवावा लागतो आणि त्याची रीत आहे. ती शिकायला सातारा-सांगलीइतकी सोय दुसरीकडे नाही. प्रतापगड, वाई, तळबीड, म्हसवड, जत तालुक्यातलं उमराणी, सगळी प्रात्यक्षिकाची ठिकाणं एसटीच्या टप्प्यात आहेत.

सुरुवात प्रतापगडावरून करावी, पण इथे शिकायचं ते काय करू नये हे. 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखानाचा निकाल लागल्यावर शिवाजी महाराजांनी जे केलं, ते सभासदाच्या बखरीत आहे. जखमींना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रोख दिले. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं. समारंभ नाही, भाषण नाही, समिती नाही. असं केलं की माणसं चिकटून राहतात आणि आपली सगळी खटपट वाया जाते.

तोच सभासद पगाराचे आकडेही देतो. जुमलेदाराला सालीना पाचशे होन आणि पालखी, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. वरच्या पायरीवर काय मिळेल हे खालच्या पायरीवरच्या माणसाला ठाऊक. नवशिक्यानं हे मुळीच करू नये. पगार गुलदस्त्यात ठेवावा, म्हणजे शेजारच्याला किती मिळतं या तर्कातच कर्तबगार माणसाचे दोन-चार महिने जातात. दसऱ्याला लष्कर बाहेर पडताना प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची आणि परत आल्यावर जास्त निघेल ते सरकारजमा करायचं, हाही नियम होता. यात गोम अशी की नियम सगळ्यांना सारखा. तुमच्या संस्थेत नियम जरूर असावेत, फक्त ते कोणाला लागू हे नंतर ठरवावं.

चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. रयतेच्या दाण्याला, गवताच्या काडीला हात लावू नका. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंज पेटेल. राज्य चालवणाऱ्यानं उंदरापर्यंत उतरावं हे नव्या साहेबाला परवडणारं नाही. साहेबानं धोरणावर बोलावं. गंज पेटली की चौकशी नेमावी.

आता उमराणीला चला. इथून खरा अभ्यासक्रम सुरू होतो. एप्रिल 1673 मध्ये सरनोबत प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला इथे गाठलं आणि त्याचं पाणी तोडलं. खान गयावया करू लागला. तहानेनं व्याकूळ झालेल्या शत्रूला कापण्यापेक्षा प्रतापरावांनी त्याला वाट दिली. रणनीती म्हणून ही चूक होती हे महाराजांना लगेच दिसलं, आणि खान पुन्हा उलटून आला तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. महाराजांनी कडक जाब विचारला. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा त्याचा अर्थ. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण मारले गेले. राज्याभिषेकाला उणेपुरे साडेतीन महिने राहिले होते.

मला विचाराल तर त्या प्रकरणात दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच ते इतकं लागतं. पडलेल्याला मारू नये हा शिपाईधर्म, आणि सोडलेला शत्रू उद्या रयतेवर येतो हे राज्यकर्त्याचं गणित. पण नवशिक्यानं या खोलात पडू नये. त्यानं एवढंच टिपावं की मानी माणसाला कडक शब्द पुरतो, त्याच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. अडचण अशी की महाराजांनी हा धडा पुढे स्वतःच बिघडवला. प्रतापरावांच्या मुलीचं, जानकीबाईचं, आपल्या धाकट्या मुलाशी, राजारामाशी, लग्न लावून त्यांनी तिला सून करून घेतलं. चूक माणसाच्या घरापर्यंत जाऊन भरून काढायची ही सवय तुम्हाला असेल, तर हे मार्गदर्शन इथेच बंद करून परत करावं.

प्रतापरावांच्या जागी आले तळबीडचे हंसाजी मोहिते, म्हणजे हंबीरराव. कराडजवळच्या तळबीडला जाताना नवशिक्यानं सावध राहावं, कारण नीट सांभाळलेला सेनापती काय करून बसतो याचा हा नमुना आहे. 1680 साली महाराज गेले. हंबीररावांची सख्खी बहीण सोयराबाई आपल्या मुलाला, राजारामाला, गादीवर बसवू पाहत होती. सख्ख्या भाच्याचा पक्ष घेतला असता तर घरबसल्या सगळं मिळालं असतं. हंबीररावांनी संभाजी महाराजांची बाजू घेतली आणि पुढे सात वर्षं लढत राहून 1687 च्या डिसेंबरात वाईजवळच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं ते पडले. अशा माणसाला कोणतं आमिष दाखवणार? म्हणून म्हणतो, सुरुवातीपासूनच नीट सांभाळू नये.

पुढचं प्रात्यक्षिक माण तालुक्यातलं. त्याला पुरेसा वेळ द्यावा.

संताजी घोरपडे. वडील म्हाळोजी संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा लढता लढता पडले होते. संभाजी महाराजांमागून छत्रपती झालेल्या राजारामानं मुलाला ममलकतमदार असा किताब आणि सेनापतीपद दिलं. 1695 मध्ये संताजीनं दोड्डेरीला मोगल सरदार कासीमखानाची आख्खी फौज कोंडली. खान तिथेच मेला आणि बाकीच्या सरदारांना खंडणी घेऊन सोडलं. 1696 च्या जानेवारीत हिंमतखान मारला गेला. संताजीशी गाठ पडलेला सरदार मरतो, जखमी होतो किंवा कैद होतो, आणि यातून सुटला तर स्वतःला नशीबवान समजतो, अशा अर्थाचं खाफीखान लिहितो. तो शत्रूकडचा इतिहासकार होता, म्हणजे शिफारसपत्र खरं धरायला हरकत नाही.

असा माणूस घालवायचा कसा? आधी त्याच्यावर दोन कचेऱ्या ठेवाव्या. छत्रपतींचा दरबार जिंजीत, तमिळ मुलखात. इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे. मध्ये शेकडो कोस आणि वाटेत मोगल. हुकूम एकीकडून, पैसा दुसरीकडून आणि कागाळ्या दोन्हीकडून. मग त्याच्याच तोडीचा दुसरा माणूस, इथे धनाजी जाधव, त्याच्यासमोर उभा करावा. दोघांपैकी कोणाचा शब्द अखेरचा, हे कोणालाही स्पष्ट सांगू नये.

हे खरं, की संताजी सोपा माणूस नव्हता. शिस्त मोडणाऱ्याला तो हत्तीच्या पायी देई आणि त्याला दरबारी गोड बोलणं जमत नसे. पण ज्या कडकपणामुळे लढाया जिंकल्या, तोच कडकपणा लढाया नसल्या की दोष ठरतो. नवशिक्यानं ही वेळ नेमकी साधावी. 1696 मध्ये गोष्ट इतकी वाढली की राजाराम आणि धनाजी एका बाजूला, संताजी दुसऱ्या बाजूला, अशी आपापसातच लढाई झाली. संताजी जिंकला. दुसऱ्या दिवशी तो हात बांधून राजारामापुढे उभा राहिला असं सांगतात. मालकाला हरवून मालकापुढेच उभा राहणारा नोकर. त्याला घरी पाठवायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळत नाही. सेनापतीपद धनाजीकडे गेलं.

त्या लढाईत धनाजीच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर सापडले आणि संताजीनं त्यांना हत्तीखाली दिलं. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी माने देशमुखांच्या घरी होती. जून 1697 मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात, एका ओढ्यावर अंघोळ करत असताना, नागोजीच्या माणसांनी संताजीला मारलं. शिर पोतडीत घालून बादशहाकडे निघाले, तर वाटेत पोतडीच पडली आणि ती मोगल सरदार फिरोजजंगाच्या लोकांना सापडली, अशी हकीगत आहे. औरंगजेबानं नागोजीचे आधीचे अपराध माफ केले. दिल्लीच्या बादशहाला जे काम इतकी वर्षं जमलं नव्हतं, ते सासरच्या भावबंदकीनं एका अंघोळीत उरकलं. धन्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. आदर्श पद्धत म्हणून ही मी सर्वांना सुचवीन.

मोबदल्याबद्दल थोडं. रोख द्यायला खजिना रिकामा असेल तर पुढच्या तारखेचं इनाम द्यावं. जून 1691 मध्ये, जिंजीला वेढा पडलेला असताना, राजारामानं हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपड्यांना सहा लाख होनांचा सरंजाम कबूल केला. निम्मा रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद प्रांत घेतल्यावर, उरलेला निम्मा दिल्ली घेतल्यावर! रायगड दोनच वर्षांपूर्वी हातचा गेला होता. आजच्या कंपन्या टार्गेट पूर्ण झालं की बोनस देतात ते यापुढे फार भित्रं वाटतं. हसण्यासारखं आहे, पण त्या दिवसांत दुसरं काय देता येणार होतं? बादशहा मनसबी वाटत होता आणि इकडे देण्यासारखा फक्त न जिंकलेला मुलूख होता. त्या आशेवर माणसं लढली, हेही खरं.

फक्त जो जिंकतो तो त्या मुलखाचाच होऊन बसतो. हा सगळा कारभार स्वतः केलेल्या रामचंद्रपंतांनी 1715 च्या सुमारास आज्ञापत्रात वतनदारांबद्दल लिहिलं, ते हात पोळलेल्या माणसाचं लिहिणं आहे. वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राजेच, नवी वतनं देऊ नका, असा त्याचा रोख. तोवर उशीर झाला होता. साताऱ्याला शाहू महाराजांच्या काळात सेनापतीपदसुद्धा घराण्यात मुरलं. 1 एप्रिल 1731 ला डभईला सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पेशव्यांशी लढताना पडले आणि पद गेलं धाकट्या भावाकडे, यशवंतरावाकडे. मुलूख आणि फौज हळूहळू गायकवाडांच्या हाती गेली. किताब मात्र दाभाड्यांच्या घरात शाबूत राहिला. पद देऊन सामर्थ्य काढून घेणं ही वरच्या वर्गाची विद्या आहे. पहिल्याच वर्षी हिच्यामागे लागू नये.

शेवटी गौरवाचा विषय. गौरव द्यावाच, फक्त वेळ पाहून द्यावा. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातली 46 माणसं पहिल्या महायुद्धात गेली. इंग्रजांनी गावाला स्मारक दिलं. दगडाला निवृत्तिवेतन लागत नाही. तरीही गाव पोरं पाठवत राहिलं आणि त्याचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलं.

सांगली जिल्ह्याचा पाठ अधिक हातखंडा आहे. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई या अभियांत्रिकी दलात होते, मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मग ते पोहायला शिकले आणि 1972 च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक दिलं, तेही जागतिक विक्रमासह. पद्मश्री मिळाली 2018 साली. 37.33 सेकंदांच्या कामाला 46 वर्षं, हा दर नवशिक्यानं भिंतीवर लिहून ठेवावा. कोणी घाई केली तर फाईल फिरते आहे असं सांगावं.