नेट चालू आहे, सर

गेल्या महिन्यात आमचं इंटरनेट कापलं गेलं. चूक माझी. रिचार्जची मुदत रात्री बाराला संपली आणि मी दहालाच झोपलो होतो. सकाळी पैसे भरले, पावती आली, दुपारी नेटही आलं. म्हणजे त्यातलं काही आलं.

यूट्यूब आलं, गूगल आलं, व्हॉट्सॲप आलं. बँक आली नाही, वीजबिलाची साइट आली नाही, ऑफिसचं पोर्टल आलं नाही. गूगलला बँक कुठे आहे ते विचारलं की तो तत्परतेने दाखवायचा. टिचकी मारली की पांढरं पान आणि वर गोल फिरणारं चक्र.

पूर्ण बंद पडलेल्या नेटला घरात मान असतो. सगळे राउटरभोवती जमतात, हळू आवाजात बोलतात. अर्धवट नेटचं तसं नाही. चिरंजीवांची रील्स चालू, आईचं कीर्तन चालू. "तुझ्याच लॅपटॉपला काहीतरी झालंय," असा निकाल बायकोने स्वयंपाकघरातूनच दिला. मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नोकरी करू लागलो. रोजचा दीड जीबी अकरापर्यंत पुरतो.

कस्टमर केअरला फोन केला.

"राउटरवर लाल दिवा आहे का, सर?"

"नाही, सगळे हिरवे."

"यूट्यूब लागतंय?"

"लागतंय."

"मग नेट चालू आहे, सर."

तरी त्यांनी राउटर बंद करून 30 सेकंदांनी चालू करायला सांगितलं. मी ते चार दिवसांत अकरा वेळा केलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया अभिप्राय द्या. अभिप्रायाची लिंक घरच्या वायफायवर उघडली नाही.

भाचा म्हणाला, "मामा, डीएनएस बदलून बघ." चार वेळा आठ टाकले. फरक शून्य. मग त्याने राउटरचं पान उघडायला लावलं. तिथे आयपीव्हीसिक्ससमोर आकडे-अक्षरांची लांबलचक माळ होती आणि आयपीव्हीफोरसमोर चार शून्यं, मध्ये तीन टिंबं.

त्याने समजावलं ते असं. इंटरनेटवर पत्ते दोन प्रकारचे. जुने 32 बिटांचे, जास्तीत जास्त 429 कोटी. जगाच्या मध्यवर्ती कोठारातला साठा फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपला. नवे 128 बिटांचे, ते संपायची काळजी नाही. पण जुन्याची आणि नव्याची थेट बोलचाल नाही. यूट्यूबसारख्या मोठ्या मंडळींनी दोन्हीकडे बिऱ्हाड थाटलंय, बाकी बऱ्याच साइट अजून जुन्याच पत्त्यावर राहतात. रिचार्जनंतर आमच्या राउटरला नवा पत्ता मिळाला, जुना मिळालाच नाही. म्हणजे करमणुकीचा रस्ता खुला आणि बिलं भरायचा बंद. घरात तक्रार करणारा मी एकटाच का, तेही कळलं.

हे सगळं मी कस्टमर केअरला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून लाल दिव्याची चौकशी केली.

चौथ्या दिवशी लाइनवरचा पोरगा आला. फायबर काढून मीटरला लावली, "पॉवर बरोबर आहे" म्हणाला, परत जोडली आणि खिशातून फोन काढला. "दादा, ह्यांचं सेशन अडकलंय, उडवून टाक." मिनिटभरात बँक उघडली. त्याचा चहा अजून गाळायचा होता.

"काका, तक्रार काय लिहिली होती?"

"काही साइट उघडत नाहीत."

"असं नाही लिहायचं. नेट बंद आहे असं लिहायचं. त्याच दिवशी येतो आम्ही."

चार दिवस मी खरं बोलत होतो, ते असं अंगाशी आलं. पुढच्या रिचार्जची तारीख चार दिवस पुढे ढकलाल का, असं विचारलं. ढकलता येत नाही. त्यांच्या नोंदीत ते चारही दिवस नेट चालू होतं.