पंधरा माणकांची इस्टेट

जुनं घड्याळ घरच्या घरी दुरुस्त करायला फार हत्यारं लागत नाहीत. डोळ्याला लावायचं भिंग, चांगले चिमटे, बारीक स्क्रू ड्रायव्हर, पांढरं पेट्रोल आणि घड्याळाचं तेल. अडचण असते ती घराची. पंखा बंद हवा, कारण आतले काही स्क्रू मोहरीपेक्षा लहान असतात. खिडकी बंद हवी, कारण धूळ. पेट्रोल उघडं असेपर्यंत गॅस पेटवायचा नाही, म्हणजे चहाही नाही. भर मे महिन्यात या अटी घालणाऱ्या माणसाला छंदिष्ट म्हणत नाहीत, असं बायकोचं मत आहे. काय म्हणतात तेही तिने सांगितलं.

घड्याळ आजोबांचं. ते भुसावळला रेल्वेत गार्ड होते. तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव आणि खाली मुंबई-कलकत्ता. आत्याच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून होतं. "बघ रे चालतंय का," म्हणून तिने ते माझ्या हातावर ठेवलं आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

अशा घड्याळाची आधी चावी उतरवावी लागते. खटका अलगद बाजूला धरायचा आणि मुख्य स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडायचा. तो तसाच ठेवून वरची पट्टी सैल केली, तर चाकं आपापली वाट धरतात. चावीच्या बाजूच्या चाकाचा स्क्रू पुष्कळदा उलट्या आट्यांचा असतो. जोर लावून सगळं सुटतं या श्रद्धेची तिथे मान मोडते.

झाकणाआड यंत्रावर '१५ ज्वेल्स' कोरलेलं होतं. मी ते पुटपुटलो. एरवी तीन हाकांना ओ न देणाऱ्या आत्याला ते टीव्हीच्या आवाजातून, पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं. संध्याकाळी नागपूरच्या चुलतभावाचा फोन आला. हा दिवाळीलाही फोन करत नाही.

"आजोबांच्या माणकांचं काय ठरलं?"

मी समजावलं की चाकांच्या टोकांचं घर्षण कमी व्हावं, झीज होऊ नये, म्हणून तिथे भोक पाडलेली माणकं बसवतात. ती कृत्रिम असतात. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ती बनवायची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून त्यांना दागिन्याची किंमत नाही.

"हा व्हर्नॉय कोण? त्याचा आपल्या इस्टेटीशी काय संबंध?"

पुण्याच्या बहिणीने एवढंच विचारलं, "काढून झाली का?"

इकडे जुन्या तेलाचा डिंक झाला होता. सुटे भाग पेट्रोलमध्ये बुडवले, स्वयंपाकघरातल्या वाटीत. ती वाटी आता माझीच. पॅलेटचा काटा मात्र स्पिरिटपासून जपावा लागतो. त्याची इवलीशी माणकं लाखेने चिकटवलेली असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ही बातमी मी नागपूरला कळवली नाही.

मग तेल. सुईच्या टोकावर, असून नसल्यासारखं. फोडणीत पळीने तेल ओतणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. शेवटी बॅलन्स व्हील बसवलं, चावीचे थोडे वेढे दिले आणि ते डोलायला लागलं. सेकंदाला पाच टिकटिक, तासाला अठरा हजार. मी पंखा लावायची परवानगी दिली. ती कोणी मागितलेली नव्हती. पंखा आधीच सुरू झाला होता.

घड्याळ आत्याकडे नेलं. तिने ते कानाला लावलं, डोळे मिटले, दुसऱ्या कानाला लावलं.

"बंद आहे रे."

"अगं, सेकंदकाटा बघ ना. फिरतोय."

"काट्याचं काय, हलवलं की हलतो. आवाज कुठाय?" घड्याळ पदरात गुंडाळत ती म्हणाली, "राहू दे. उद्या नाक्यावरच्या घड्याळजीला दाखवते. जाण्यापूर्वी तेवढी माणकं मोजून दे."