सरकारी मालमत्ता, मुक्काम बरणी

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार पकडलेला वन्य प्राणी ही सरकारी मालमत्ता. म्हणजे तहसील कचेरीतली खुर्ची, कलेक्टरसाहेबांची गाडी आणि तुमच्या सोयाबीनच्या सुडीखाली निघालेली घोणस, तिघींचा मालक एकच. अशी मालमत्ता हाती लागली तर 48 तासांत वनाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे, असेही कायदा सांगतो. ते 48 तास (आणि पुढचे अनेक) ही मालमत्ता आमच्या बुलडाणा जिल्ह्यात जिथे काढते, ती जागा म्हणजे बरणी. लाल झाकणाची, पाच लिटरची, परवापर्यंत जिच्यात किराणा दुकानातले टोस्ट होते ती. खिळा तापवून झाकणाला भोकं पाडली की झाला गृहप्रवेश. राजेहो, घरकुलाच्या यादीत नाव यायला माणसाच्या चपला झिजतात. सापाला पाच मिनिटांत ताबा. हप्ते नाहीत, उतारा नाही. फोटो मात्र इथेही सक्तीचा आहे, तो इन्स्टाग्रामवर जातो.

आता घराची रचना बघा. सापाला पापण्या नसतात. डोळे मिटून घ्यायची सोय नाही, म्हणून अंधार हवा तर त्याला बिळात नाहीतर दगडाखाली शिरावे लागते. त्याला आम्ही आरपार दिसणाऱ्या बरणीत ठेवतो आणि वर म्हणतो, "पाहा, कसा शांत बसला!" त्याला बाहेरचे कान नाहीत, जमिनीची थरथर जबड्यातून कळते. ती बरणी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून आम्ही निघतो आणि रस्त्याचा एकेक खड्डा त्याच्या जबड्याला कळवत जातो. नुकताच उंदीर गिळला असेल तर तो ओकून टाकतो. त्यावर "घाबरला" असे कोणी म्हणत नाही. "घाण केली" म्हणतात. अंगात स्वतःची ऊब तयार होत नसल्याने त्याला घटकाभर ऊन, घटकाभर सावली असे सरकत राहावे लागते. बरणीत सरकून जाणार कुठे? मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत त्या बरणीचे काय होत असेल, ते खामगावकरांना मी सांगायला नको.

प्लॅस्टिकवर माझा राग नाही. अमेरिका-युरोपातले हौशी लोकही अजगर प्लॅस्टिकच्या डब्यातच पाळतात. कपडे भरून पलंगाखाली सरकवायचे ते धुरकट, झाकणाचे डबे. बॉल पायथनसारख्या बुजऱ्या सापाला काचेच्या दिवाणखान्यापेक्षा अंधारी, दमट खोली मानवते, असे त्यांचे म्हणणे. पण त्या डब्याच्या एका टोकाखाली ऊब देणारी पट्टी असते, तिला थर्मोस्टॅट असतो, दुसरे टोक थंड राखतात, आत लपायला जागा आणि पाण्याचे भांडे. एवढे करूनही सापाला अंग सरळ पसरता यायला हवे की नको, यावर त्यांच्यात हमरीतुमरी चालते. आमच्याकडे प्रश्न एकच: झाकण घट्ट बसते ना?

कायद्यालाही पाहुण्यांचेच कौतुक. आंतरराष्ट्रीय 'साइट्स' यादीतला विदेशी अजगर किंवा इग्वाना घरात असेल, तर 2024 च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करायची. गावची धामण पाळायला मनाईच आहे, त्यामुळे कागदोपत्री ती कोणाच्या बरणीत नाहीच. आणि जी बरणीत नाहीच, तिला जागा किती लागते हे विचारण्याचा प्रश्न येतो कुठे?

जागा किती लागते, हे एका वाघाने याच जिल्ह्यात येऊन सांगितले होते. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात कॉलर बांधलेला 'वॉकर' 2019 च्या अखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याची एकूण पायपीट तीन हजार किलोमीटरच्या घरात भरली आणि तिचे कौतुक देशभर झाले. घोणशीची हद्द दोन-चार बांधांची. पण त्यातले बीळ न् बीळ तिला पाठ. तिला बरणीतून लांबच्या जंगलात नेऊन 'जीवदान' दिले, की ती अनोळखी रानात भटकत बसते. तोवर आमचा व्हिडिओ संपलेला असतो.

यात सगळेच आले असे नाही. मेहकरच्या वनिता बोराडे यांना सापांच्याच कामासाठी 8 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. साप निघाला की काठीआधी फोन शोधणारी घरे आज दिसतात, ती अशा माणसांमुळे. पकडायचा, वन विभागाला कळवायचे, जवळच सोडायचा, एवढेच त्यांचे काम. मी बोलतोय ते वाढदिवसापर्यंत बरणी जपून ठेवणाऱ्या भाऊंबद्दल.

जागेच्या बाबतीत खरे भाग्य मांडुळाचे. शेपूट तोंडासारखेच बोथट, म्हणून हा दुतोंड्या. दुतोंड्या म्हणून गुप्तधन दाखवणारा. आणि गुप्तधन दाखवणारा म्हणून याचा भाव वजनावर, लाखांच्या गोष्टी. त्याला बरणी नाही, ऐसपैस टब मिळतो. भुसभुशीत माती मिळते, वजन भरावे म्हणून वेळेवर उंदीर मिळतात. इतकी बडदास्त जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या सापाची नसेल. मग एक दिवस पंचनामा होतो: मांडूळ एक, टब एक, मोबाइल तीन, मोटारसायकल एक. जमिनीखालचे सोने ओळखणाऱ्या या प्राण्याला गिऱ्हाईक बनून समोर बसलेला पोलीस मात्र ओळखता येत नाही.